कादंबरी एकाच वेळी चार प्रकाशकांकडे पाठवली तर बिघडलं कुठं?

मंगळवारपेठकर:
कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यांवर मी कादंबरी लिहिली. पाच वर्षं लागली, ३१२ पानं झाली. ओळखीतल्या एका ज्येष्ठांनी बजावलं होतं, एका वेळी एकाच दारात जायचं, उत्तर येईपर्यंत दुसरं दार वाजवायचं नाही. तसंच केलं. रजिस्टर पोस्टानं पुडकं पाठवलं, परतीच्या टपालाची तिकिटंही जोडली. अकरा महिने गेले. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "वाचायला दिलंय" एवढंच. बाराव्या महिन्यात 'साभार परत'. वरचं पाकीट त्यांचं, आत पुडकं माझंच, आणि सुतळीला मी मारलेली गाठ जशीच्या तशी.

नाकारली म्हणून मी रडत नाही. पण न उघडलेल्या पुडक्यासाठी वर्ष घालवलं, ते मनातून जात नाही. आता चार ठिकाणी एकदम पाठवणार, आणि पत्रात तसं सरळ लिहिणार. यात गैर काय, ते सांगा.

राजारामपुरीतली वाचक:
गाठीचं वाचून फार वाईट वाटलं. त्याचं समर्थन कुणीच करू नये. पण अशी पुडकी ज्यांच्या घरी येतात, त्यांतली मी एक. नऊ वर्षं एका प्रकाशकांसाठी संहिता वाचतेय. दिवसा नोकरी, वाचन रात्री, जेवणं उरकल्यावर. मागच्या उन्हाळ्यात एक चारशे पानी कादंबरी बारा रात्री वाचली. सातव्या प्रकरणापासून सुरू केली तर ती उभी राहील असं वाटलं, म्हणून त्या क्रमानं पुन्हा चाळली आणि पाच पानी अभिप्राय लिहिला. प्रकाशकांनी लेखकाला फोन लावला, तर ती दुसरीकडे छापायला गेलेली! आधी दोन ओळी कळवावं असं त्यांना वाटलं नाही. तुम्ही चार ठिकाणी पाठवणार म्हणजे चार जणांच्या बारा-बारा रात्री, त्यांतल्या तिघांच्या वाया. माझं मत, एका वेळी एकच.

गारगोटीकर, सध्या बंगळुरू:
ताई, तुमच्या रात्रींची किंमत आहेच. पण लेखकाच्या वर्षांचीही धरा. माझी कादंबरी इंग्रजीत आहे, त्यामुळे लंडन-न्यूयॉर्कच्या एजंटांना, म्हणजे लेखकाच्या वतीनं प्रकाशकांशी बोलणी करणाऱ्यांना, पाठवायची रीत मला शिकावी लागली. तिथले बहुतेक मोठे प्रकाशक नवख्याची कादंबरी थेट घेत नाहीत, एजंटामार्फत घेतात. एजंटाला आधी एका पानाचं पत्र, थोडक्यात कथानक आणि सुरुवातीची काही प्रकरणं जातात. किती पानं हवीत ते प्रत्येक जण आपापलं सांगतो, ते पाळायचं. असं पत्र एकाच वेळी आठ-दहा जणांना पाठवणं तिथं रिवाजातच बसतं. आवडलं तर ते संपूर्ण संहिता मागवतात. कुणी होकार दिला की बाकीच्यांना लगेच कळवायचं आणि त्यांना साधारण दोन आठवडे द्यायचे. वाचण्याचे पैसे प्रामाणिक एजंट मागत नाही. पुस्तक विकलं गेलं तर लेखकाच्या मिळकतीतले त्यांच्या देशात बहुधा १५ टक्के आणि परदेशी हक्कांवर २० टक्के, ही त्याची कमाई. म्हणजे चौघांना पाठवलं हा गुन्हा धरत नाहीत, लपवलं तर धरतात.

बिंदू चौकातले काका:
अहो, तिकडचा हिशेब इथं लावू नका. मराठीत एजंट आहेत कुठं? लेखक थेट प्रकाशकाकडं जातो, आणि आपल्या बऱ्याच प्रकाशकांकडं कचेरीत दोन-तीनच माणसं. पहिली आवृत्ती हजाराच्या आत-बाहेर. हे सगळं विश्वासावर चालतं. पत्रात "चार ठिकाणी पाठवली आहे" असं वाचलं की माझ्यासारखा माणूस म्हणणार, मग त्या तिघांचं काय ते होऊ दे, आपण कशाला वेळ घालवा? स्थळ बघताना एकाच दिवशी चार घरी बैठक बसवत नाहीत.

गारगोटीकर, सध्या बंगळुरू:
काका, बैठक बसवत नाहीत, पण पत्रिका चार घरी देतातच की! मुलीच्या बापाला कुणी त्यावरून बेइमान म्हणत नाही.

कायद्याचा विद्यार्थी:
एक मुद्दा राहतोय. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. म्हणजे फोनवर "घेतो" म्हटल्यानं कादंबरी त्यांची होत नाही. करारावर सही होईपर्यंत ती तुमचीच.

राजारामपुरीतली वाचक:
कायदा कुणी विचारला नव्हता. त्या लेखकानंही कायदा मोडला नव्हता, तरी माझ्या बारा रात्री गेल्याच. पत्रिकेचा दाखला मात्र मला पटला. नमुना प्रकरणं चार जणांना पाठवली तर माझी तक्रार नाही, ती मी एका बैठकीत वाचते आणि वीस पानांत कळतं. पूर्ण संहिता मात्र एकाकडेच हवी.

मंगळवारपेठकर:
ताई, तुमच्या त्या बारा रात्री डोक्यातून गेल्या नाहीत. माझं पुडकं कुणी उघडलंच नाही, तुम्ही उघडलेलं फुकट गेलं. दोन्हीकडं कुणी वेळेवर कळवलं नाही, एवढाच काय तो प्रकार.

आता असं ठरवतोय. पहिली तीन प्रकरणं, एका पानाचं पत्र आणि दोन पानी कथानक चौघांना. पत्रात हे वाक्य: "ही प्रकरणं आणखी तीन प्रकाशकांकडे पाठवली आहेत. आपण संपूर्ण संहिता मागवल्यास ती तीन महिने केवळ आपल्याकडेच राहील." त्या तीन महिन्यांत दुसऱ्यानं मागितली तर त्याला खरं काय ते सांगून थांबवणार. फोन मधेमधे करणार नाही, मुदत संपली की एकदाच.

बिंदू चौकातले काका:
प्रकाशकाला मुदत घालून देणं मला अजून रुचत नाही. नवख्या लेखकानं तर नकोच.

राजारामपुरीतली वाचक:
मला रुचतं, पण तीन महिने कमी आहेत. दिवाळीच्या आधी कुणाकडं पाठवू नका, अंकांच्या गडबडीत पुडकं तसंच पडून राहील. नोव्हेंबर संपल्यावर पाठवा, मुदत चार महिने लिहा. युनिकोडमध्ये टंकलेली असू द्या, दुसऱ्या फॉन्टमधली जोडाक्षरं आमच्याकडं उघडताना फुटतात. आणि पुडक्याला सुतळी नको, साधी फाइल पाठवा.