मदत हवी: थंडी पडली की मरळ गरीला लागत नाही, काय करावं?

नमस्कार मंडळी, मी साकोलीकडचा, जिल्हा भंडारा. गावाला कोहळी समाजाच्या काळातला जुना मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे, पाळीखाली धानाच्या बांध्या, एका अंगाला कमळं अन् बेशरमाच्या झुडपांचं रान. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात आहे, त्यांना विचारूनच बसतो, जाळं नाही, फक्त रॉड. रोहू-कतल्याला कणकेचा गोळा लावून बसणं जमते, पण मला मरळ शिकायची आहे, बाराही महिने.

धान लोंबीवर येते तेव्हा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, रबरी फ्रॉग, म्हणजे खोटा बेडूक, कमळाच्या पानांवरून ओढत आणला की ती खालून असा भडाका मारते की पानं उलटी होतात. पण कापणी झाली, थंडी सुरू झाली की सगळं बंद. मासोळी तिथंच आहे हे नक्की, कारण हवा घ्यायला वर येते, गप्पकन तोंड काढते, एक-दोन बुडबुडे अन् खाली. फ्रॉगकडे ढुंकूनही पाहत नाही.

तर थंडीत काय लावावं, स्पिनर (पाण्यात गरगरणारं चकचकीत पातं) की सॉफ्ट प्लास्टिक (मऊ प्लास्टिकचं खोटं आमिष)? वेळ कोणती? उन्हाळ्यात पाणी आटल्यावर कुठं शोधावी? जिवंत बेडूक लावायचा नाही मला. अन् पावसाळ्यात तांबड्या पिल्लांचा थवा पाण्यावर खदखदताना दिसतो, गावातली पोरं म्हणतात त्यातच फ्रॉग टाक, मोठी हमखास घेते. मला ते पटत नाही, जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

भाऊ, मी गोंदियाकडचा. पिल्लांचं आधी सांगतो, तिथं टाकूच नका. खाली आई-बाप राखण करत असतात, ते भुकेनं नाही, पिल्लांसाठी अंगावर येतात. त्यांना काढलं की बाकीच्या मासोळ्या तो थवा फस्त करतात, मग पुढच्या साली तलावात काय पाहाल?

आता थंडी. पाणी गार झालं की मासोळीचं अंगही गार पडते, पचन मंदावते, मग ती पाठलाग करत नाही. पहाटे जाऊन कुडकुडू नका, दहाच्या पुढं जा, ऊन पडते अन् वारा लागत नाही अशा उथळ कोपऱ्यात. सॉफ्ट प्लास्टिकची मासोळी घ्या, गरीचं टोक तिच्या अंगात लपवा म्हणजे गवतात अडकत नाही. थोडं ओढा, तळाला बसू द्या, मनात दहा मोजा, परत थोडं. ती वर आली तिथं नेमकं डोक्यावर टाकू नका, पळते. पलीकडं टाकून तिच्या बाजूनं आणा.

मार्चपासून पाणी तापलं की फ्रॉग परत चालतो, सकाळ-संध्याकाळ, सावलीच्या कडेनं. अन् भडाका झाला की लगेच झटका मारू नका जी, एक-दोन सेकंद थांबा, दोर ताणला की मगच ओढा, नाहीतर फ्रॉग नुसताच तोंडातून सुटून येते. मे महिन्यात पाणी चिखलाला लागलं की ती चिखलात शिरून हवेवर जगते, तेव्हा राहू द्या तिला, पावसात अंडी तीच घालणार आहे.

मूळ प्रश्नकर्ता

बहुत धन्यवाद दादा, थंडीत मी वेळच उलटी धरत होतो बहुतेक. एवढं अजून सांगा, सॉफ्ट प्लास्टिक तीन इंची घेऊ की चार? अन् बेशरमाच्या मुळांत शिरली तर तीस पाउंड ताण सोसणारी ब्रेड लाइन (विणलेला दोर) टिकेल का, की चाळीसची भरू?