अँटीव्हायरसने न विचारता स्कॅन सुरू करावा का?

फोंडेकर
फोंड्यात माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. चवथ तोंडावर आली की आरत्यांची पुस्तकं, मंडळांच्या पावत्या, नाटकांची हँडबिलं. मान वर करायला मिळत नाही. परवा पावसात वीज गेली. परत आल्यावर मशीन चालू केलं आणि अँटीव्हायरसचा पूर्ण स्कॅन सुरू झाला. त्याची वेळ रात्री दोनची. रात्री दुकान बंद, म्हणून राहिलेलं काम मशीन चालू होताच. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ सरकवायला अर्धा मिनिट, आणि समोर गिऱ्हाईक उभं. त्यात कोपऱ्यात खिडकी: 'तुमचा पीसी मंद झालाय, ट्यूनअप घ्या.' पैसे भरून घेतलेली वस्तू ही! मी तो अँटीव्हायरसच काढून टाकला. मशीन माझं आहे, मला विचारल्याशिवाय काही चालता कामा नये.

डिचोलीची शिक्षिका
फोंडेकरबाब, हे पटत नाही. आमच्या शाळेचा पेनड्राइव्ह अशाच एका छपाईच्या दुकानातून परत आला तेव्हा सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते. सहामाहीच्या प्रश्नपत्रिका हिडन होऊन बसलेल्या. एक आख्खा दिवस गेला. तुमच्या मशीनला दिवसाला किती जणांचे पेनड्राइव्ह लागतात? तिथला व्हायरस तुमच्यापुरता राहत नाही, शाळेत, पंचायतीत, घराघरात जातो. आणि विचारलं तर 'हो' कोण म्हणतं? वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस मे २०१७मध्ये पसरला, मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे ती फट बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच आला होता. अपडेट पुढे ढकलणाऱ्यांना ते फार महाग पडलं.

फोंडेकर
बाई, पेनड्राइव्ह लावल्यावर तपासायला माझी ना नाही. दोन मिनिटं लागतात, गिऱ्हाईक थांबतं. पण दहा वर्षांच्या जुन्या जत्रेच्या पत्रिका भर दुपारी पुन्हा पुन्हा कशाला चाळायच्या?

मडगावकर
मी फोंडेकरांच्या बाजूने. अँटीव्हायरसला मशीनमधलं सगळं दिसतं, म्हणून तर जास्त जपायला हवं. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीचं उदाहरण घ्या. लोकांच्या ब्राउजिंगची माहिती जम्पशॉट या त्यांच्याच कंपनीमार्फत विकली जात होती. बोभाटा झाल्यावर २०२०मध्ये ती बंद केली, आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. मागे काय चाललंय हे विचारणं हा आपला हक्क आहे.

डिचोलीची शिक्षिका
एका राखणदाराने चोरी केली म्हणून दार उघडं टाकून झोपायचं का?

म्हापशाचा दुरुस्तीवाला
दार उघडं नाहीये, बाई. विंडोज १० किंवा ११ असेल तर बाहेरचा अँटीव्हायरस काढल्यावर विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर आपोआप चालू होतो. फोंडेकरबाब, एकदा सेटिंगमध्ये बघून खात्री करा.

जुन्या फायलींबद्दल मात्र तुमचं चुकतंय. फाइल उघडताना होणारी तपासणी वेगळी, पूर्ण स्कॅन वेगळा. काल जो व्हायरस ओळखता येत नव्हता तो आजच्या अपडेटनंतर ओळखता येतो, म्हणून जुनंही चाळावं लागतं. मशीन अडतं त्याचं खरं कारण बहुतेक वेळा फिरणारी हार्ड डिस्क. स्कॅन हजारो बारक्या फायली उघडतो आणि डिस्कचा हेड इकडून तिकडे धावत राहतो. कोरलला त्याच डिस्कवरचं हवं असतं. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, घाला, निम्मी तक्रार मिटेल. आणि विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये स्कॅनची वेळ बदला. दुपारी एक ते साडेतीन जेवणाला दुकान बंद असतं ना? मशीन चालू ठेवून तेव्हा लावा. ट्यूनअपच्या खिडक्या ही विक्री आहे, त्यांचा संरक्षणाशी संबंध नाही. त्या खुशाल बंद करा.

फोंडेकर
डिफेंडर चालू आहे, आत्ताच पाहिलं. दीडची वेळ लावतो. ती मी ठरवली, म्हणून माझी हरकत नाही. पैसे घेऊन जाहिराती दाखवणारं ते पुन्हा घालणार नाही.

डिचोलीची शिक्षिका
आणि दीडलाच वीज गेली तर? राहिलेला स्कॅन चारला सुरू होईल, तेव्हा तुम्ही तो थांबवाल, हीच मला भीती आहे.

फोंडेकर
चवथीच्या आठवड्यात थांबवीन, खोटं कशाला सांगू. पण त्याच रात्री दुकान बंद करताना चालू करून घरी जाईन.