हिवाळी पेहराव आणि बर्फातील छायाचित्रे : आपले अनुभव लिहा

खानदेशात बर्फ पडत नाही. मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन सोसणाऱ्या आपल्याला हिवाळा म्हणजे भरिताची वांगी, शेकोटी आणि पेटीतून निघालेल्या, डांबर गोळ्यांचा वास लागलेल्या स्वेटरचे दिवस. धुळ्याचा पारा कधीकधी ६ अंशांच्याही खाली उतरतो, तरी तेवढ्यासाठी कोणी वेगळे कपडे शिवत नाही. मात्र आपल्यापैकी अनेक जण भुसावळहून रेल्वेने दिल्ली आणि तेथून मनाली किंवा काश्मीर गाठतात आणि बर्फातील छायाचित्रे घेऊन परततात. त्यांपैकी बहुतेकांत आपण अवघडलेले दिसतो, एखाद्यातच निवांत दिसतो. असे का होते, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे. अंगात काय होते, प्रकाश कसा होता आणि मन कसे होते, ते कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

जळगावहून

फेब्रुवारीत आईला घेऊन मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात गेले होते. वाटेतल्या दुकानातून भाड्याने घेतलेला भडक नारिंगी पोशाख आणि गमबूट तिच्या मापाचे नव्हते. दर दोन मिनिटांनी ती कंबरेशी कापड ओढत होती, आणि त्या दिवसाच्या प्रत्येक छायाचित्रात तिचे लक्ष कपड्यांकडेच आहे. दुसऱ्या दिवशी आतून लोकरीचे थर्मल, त्यावर तिचा रोजचा स्वेटर, कानटोपी आणि घरून आणलेली मरून शाल एवढेच घातले. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ती बाकावर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. फोनमध्ये बर्फ राखाडी आणि चेहरा काळवंडलेला येत होता, म्हणून पडद्यावर तिच्या चेहऱ्याला स्पर्श करून उजेड वाढवला. ते छायाचित्र आज आमच्या बैठकीत आहे.

शिरपूरहून

मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. ताईंच्या राखाडी बर्फाचे कारण असे, की कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो आणि पांढऱ्याशुभ्र दृश्याला गरजेपेक्षा कमी उजेड देतो. त्यामुळे बर्फात एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणारा उजेड, एक ते दोन स्टॉपने वाढवावे लागते; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट.

सुमारे २६५० मीटर उंचीवरील गुलमर्गला एका जोडप्याची छायाचित्रे काढताना नवरदेवाने पांढरे जाकीट आणले होते. ते बर्फात विरून जात होते आणि नुसता चेहरा तरंगत असल्यासारखा दिसत होता. त्यांनी मोहरीच्या रंगाची शाल खांद्यावर घेताच चित्र उभे राहिले. आपल्या सावळ्या वर्णाला मोहरी, मरून आणि गडद हिरवा हे रंग बर्फात फार शोभतात, असे माझे ठाम मत आहे. भर उन्हात बर्फाचा उजेड खालूनही येतो आणि डोळे मिटू लागतात. ढगाळ दुपार मात्र चेहऱ्यासाठी उत्तम असते.

थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून दुसरी मी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवतो. पहिल्या वर्षी कॅमेरा बाहेरून थेट उबदार खोलीत नेला आणि भिंगावर पाणी साचून संध्याकाळ वाया गेली. आता तो बाहेरच घट्ट पिशवीत बंद करून मगच आत आणतो. अशी तयारी झाली की घाई उरत नाही. ताजा बर्फ आवाज शोषून घेतो; त्या शांततेत जोडपे आपसूकच स्थिर झाले होते.

चोपड्याहून

माझे थोडक्यात सांगते. अंगाशी सुती कपडा नको. घामाने भिजला की तो लवकर वाळत नाही आणि गारठा आत शिरतो. कुडकुडणाऱ्या माणसाचे हसू छायाचित्रात खरे दिसत नाही.

धडगावहून

मी शिक्षक आहे. बर्फाळ प्रदेश पाहिलेला नाही, पण आमच्या सातपुड्यात कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचे दव गोठते. तोरणमाळकडच्या एका पाड्यावर काळी घोंगडी पांघरून शेकोटीशी बसलेल्या आजींचे छायाचित्र काढायची त्यांच्याकडे परवानगी मागितली. पहिल्या दिवशी मी कॅमेरा लावेपर्यंत ऊन आले आणि गवतावरचा पांढरा थर विरघळला. दुसऱ्या दिवशी अंधारातच जाऊन त्यांच्याशेजारी बसलो, कॅमेरा मांडीवर ठेवला आणि हात शेकत राहिलो. उजाडताना त्यांनी घोंगडी कपाळावरून थोडी मागे घेतली, तेव्हा एकच छायाचित्र काढले. त्याची प्रत नेऊन दिली, तर त्यांनी आपल्या चेहऱ्याआधी घोंगडीची किनार ओळखली आणि ती कोणी विणली होती, ते सांगत बसल्या.