ड्राइव्ह आणि कार्ड दुरुस्तीला मल्टिमीटर कोणता? काउंट बघायचे की आणखी काही?

शिरगाव_बेंच
नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा झालाय, आता मामांच्या वर्कशॉपमध्ये बसतो, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. आमच्याकडं जास्त करून व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), वेल्डिंग मशीनची कार्डं आणि एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारे पॉवर सप्लाय) येतात. आठवड्यातून एखाद्या वेळी फाउंड्रीत जाऊन पॅनेलवरच बघावं लागतं. आजपर्यंत मामांचा पिवळा डीटी-८३०डी वापरला, पण त्याचा नॉब जरा हलला की आकडा बदलतो. आता त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

बजेट दहा हजारांच्या आसपास. बघून ठेवलेले तीन : यूटी६१ई (२२,००० काउंट), फ्लुक १७बी+ (४,००० काउंट) आणि फ्लुक १०१ (६,००० काउंट, छोटा, स्वस्त). काउंट, म्हणजे स्क्रीनवर मावणारा मोठ्यात मोठा आकडा, बघितले तर यूटी६१ई पाचपट सरस दिसतो. मग लोक दुसऱ्याला जास्त पैसे का मोजतात? आणि ट्रू आरएमएस (लहर कुठल्याही आकाराची असली तरी एसी खरा मोजणं) लागतंच का? जाणकारांनी सांगावं.

रंकाळा_हॉबी
मित्रा, यूटी६१ई घे. माझ्या टेबलावर तोच आहे. आर्डुइनो, सेन्सर, ऑप-अँप असल्या कामात मिलिव्होल्ट नीट दिसतात, पीसीला जोडून रीडिंग साठवता येतं. बॅकलाइट नाही एवढंच.

उद्यमनगर_दुरुस्ती
शिरगाव_बेंच, मी उद्यमनगरात इंडस्ट्रियल कार्डं आणि ड्राइव्ह दुरुस्त करतो, काम तुमच्यासारखंच. काउंट नंतर बघू. आधी हे ठरवा की या मीटरच्या पिना जास्तीत जास्त कुठं टेकणार आहेत.

तुमच्या कामात त्याचं उत्तर आहे व्हीएफडीची डीसी बस, म्हणजे आलेल्या एसीचं ड्राइव्हच्या आत जिथं डीसी होतं ती लाइन. थ्री फेज ४१५ व्होल्टला १.४१४ नं गुणा, ५८७ येतात. लाइन ४४० ला गेली की बस ६२२. मोटर झटकन थांबवायला लावली तर तीच बस सातशेच्या वर जाते. म्हणजे ज्या मीटरची हद्द ६०० व्होल्ट आहे तो ड्राइव्हच्या बसवर लावायचाच नाही. फ्लुक १०१ इथंच गळतो. मीटर म्हणून तो चांगलाच आहे. घरातली वायरिंग, २४ व्होल्टचा कंट्रोल सप्लाय, शाळा-कॉलेजची लॅब, असल्या कामाला मी कुणालाही तो बिनधास्त घ्या म्हणेन. त्याला अँपिअरचं सॉकेटच नाही, त्यामुळं लाल वायर अँपिअरमध्ये राहिली आणि पिना सप्लायवर टेकल्या, हा प्रकारच त्याच्यावर होत नाही. पण ६०० म्हणजे ६००.

दुसरी गोष्ट कॅटेगरी. वायरी जिथं खोचतो त्या सॉकेटजवळ कॅट II, कॅट III असं छापलेलं असतं, शेजारी व्होल्ट. हे आयईसी ६१०१० या मानकातलं आहे. प्लगवर चालणारी उपकरणं कॅट II मध्ये येतात. डिस्ट्रिब्युशन बोर्ड, पक्की वायरिंग, थ्री फेज मोटरचं पॅनेल हे कॅट III. बाहेरून येणारी सप्लायची मुख्य लाइन कॅट IV. व्होल्ट तेच असले तरी फरक का पडतो, तर मागची ताकद वेगळी असते. तुमच्या बेंचवरच्या सॉकेटपर्यंत येईस्तोवर लांब, बारीक वायर मध्ये असते. फाउंड्रीत ट्रान्सफॉर्मर आवारातच, तिथून जाड केबल थेट पॅनेलला. तिथं शॉर्ट झालं तर काही हजार अँपिअर वाहतात, आणि लाइनवर येणारे व्होल्टेजचे झटकेही मोठे असतात. त्या झटक्यानं मीटरच्या आत आर्क पेटला तर तो विझवायला मध्ये काहीच नसतं, आणि मीटर तुमच्या हातात असतो.

म्हणून दुकानात मीटर हातात आला की मी आधी मागचं झाकण उघडून फ्यूज बघायला सांगतो. दुकानदार उघडू देत नसेल तर त्या मॉडेलचे आतले फोटो नेटवर मिळतात. बारीक काचेचा फ्यूज दिसला तर तो मीटर बेंचवरच ठेवायचा. पांढरा, जाड, आत वाळू भरलेला एचआरसी फ्यूज दिसला आणि त्याच्यावर ६०० किंवा १००० व्होल्ट लिहिलेलं असलं तर पॅनेलवर न्यायचा विचार करायचा. काचेचा फ्यूज साधारण २५० व्होल्टचा असतो. तो उडतो, पण आतला आर्क तुटत नाही. तुमच्या पिवळ्या मीटरवर दहा अँपिअरच्या सॉकेटशेजारी ‘अनफ्यूज्ड’ लिहिलंय का बघा. बहुतेक असेलच. म्हणजे तिथं फ्यूजच नाही. एका कारखान्यात असल्याच मीटरची लाल वायर अँपिअरमध्ये राहिली होती आणि हेल्परनं पिना दोन फेजला टेकवल्या. पिनांची टोकं वितळून गेली, पॅनेलचा पत्रा काळा झाला. त्या पोराचा हात वाचला तो चामडी हातमोज्यामुळं. हे बघितल्यापासून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ पोराला मी पहिल्या दिवशी मीटरचा फ्यूज दाखवतो, नॉबवर काय काय आहे ते नंतर.

आता काउंट. तुम्ही २२,००० आणि ४,००० यांचा भागाकार केला, पण फायदा नेमका कुठं मिळतो ते रेंजवर ठरतं. यूटी६१ईच्या रेंज २.२, २२, २२० अशा आहेत. ५ व्होल्टचा सप्लाय मोजला तर तो २२ च्या रेंजमध्ये जातो आणि ५.००० दाखवतो. ६,००० काउंटचा मीटर ६ व्होल्टच्या रेंजमध्ये तोच ५.००० दाखवतो. दोघांत काडीचा फरक नाही. ४,००० वाला मात्र ५.०० वर थांबतो, कारण ४ च्या पुढं गेल्यावर तो ४० च्या रेंजला जातो. ३.३ व्होल्टला तिघंही ३.३००. बारा व्होल्टला यूटी६१ई १२.०००, बाकीचे १२.००. आता सांगा, गेट ड्राइव्हचे १५ व्होल्ट १५.०२ आहेत की १५.०२३ हे कळून ड्राइव्हच्या दुरुस्तीत काय बदलतं? काही नाही. आणि शेवटचे अंक दिसतात म्हणून ते खरे असतात असंही नाही. मीटरच्या माहितीपत्रकात ०.५ टक्के अधिक ३ डिजिट असं लिहिलेलं असेल तर ५.०० च्या वाचनात ५५ मिलिव्होल्टपर्यंत इकडंतिकडं चालतं. काउंट आणि अचूकता ही दोन वेगळी कलमं आहेत, दोन्ही वाचा.

तरी जास्त काउंट वाया जातात असं मी म्हणणार नाही, कारण एका कामात त्यांच्याशिवाय माझं चालत नाही. कार्डवर ५ व्होल्टची लाइन शॉर्ट आहे आणि त्या लाइनवर चाळीसेक कंडेन्सर आणि आयसी आहेत. कुठला शॉर्ट? बेंच सप्लायला करंट लिमिट लावून, व्होल्टेज एकदम कमी ठेवून, त्या लाइनमध्ये एक अँपिअर सोडायचा. मग मीटर मिलिव्होल्टला ठेवून काळी पिन सप्लायच्या मायनसला पक्की करायची आणि लाल पिन ट्रॅकवर पुढं पुढं सरकवायची. आकडा जिथं सगळ्यात कमी, शॉर्ट त्याच्या आसपास. ट्रॅकवरचा हा फरक मिलिव्होल्टच्या अंशांत असतो. यूटी६१ई २२० मिलिव्होल्टच्या रेंजला ०.०१ मिलिव्होल्ट दाखवतो, म्हणून तिथं तो हवा. एकेक कंडेन्सर उचकटून बघत बसण्यापेक्षा ही रीत कार्डाला फार सोपी जाते, ट्रॅक उचलत नाहीत.

ड्राइव्ह आला की तुमचं निम्मं निदान डायोड मोडवर होणार आहे, त्याला कुठलाही नीट मीटर चालतो. सप्लाय काढा, बस डिस्चार्ज होईपर्यंत थांबा, आणि डीसी रेंजवर मोजून खात्री झाल्याशिवाय हात घालू नका. मग लाल पिन बसच्या मायनसला, काळी यू, व्ही, डब्ल्यूला (मोटरकडं जाणारी तीन टोकं) एकेक. नंतर काळी पिन प्लसला आणि लाल त्या तिघांना. ०.३५ ते ०.५ च्या आसपास आकडा येतो. आकड्यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का ते महत्त्वाचं. एक वेगळा निघाला की आयजीबीटीवर (ड्राइव्हमधला पॉवर स्विच) संशय. सप्लाय येतो त्या आर, एस, टी बाजूचा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) तसाच बघायचा.

एवढं सगळं धरून, तुमच्या यादीतला १७बी+ आधी घ्या. रेंज १००० व्होल्टपर्यंत आहे. मात्र हातात घेऊन पुढच्या बाजूला छापलेली कॅटेगरी स्वतः वाचा. तोच फाउंड्रीत न्यायचा. पैसे जमले की यूटी६१ई बेंचसाठी. नाशिकच्या रिशभ आणि मोतवाने या दोन कंपन्यांचे मीटरही याच वेळी बघून घ्या. मोतवाने तर १९०९ पासूनची कंपनी आहे. कारखाने कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागतात तेव्हा बिल आणि सर्व्हिस राज्यातच असलेली बरी पडते.

इचलकरंजी_लूम
वरचं सगळं पटलं. मी लूमच्या कंट्रोल कार्डांचं काम करतो, त्यातली एक गोष्ट घालतो. शेडमध्ये लांब केबल शेजारी शेजारी गेलेल्या असतात. बंद असलेल्या वायरवर डिजिटल मीटर ६०-७० व्होल्ट दाखवतो आणि नवा माणूस गोंधळतो. मीटरचा इनपुट १० मेगओहमचा असतो, शेजारच्या चालू वायरमधून येणारा किरकोळ करंटही त्याला पुरतो. खरा सप्लाय आहे का बघायला टेस्ट लॅम्प लावा, खोटं व्होल्टेज लगेच बसतं. फ्लुक ११७ सारख्या काही मीटरमध्ये यासाठी लो-झेड नावाचा, कमी इनपुट रेझिस्टन्सचा मोड असतो.

आणि बीपर बघून घ्या. पिन टेकल्या टेकल्या वाजला पाहिजे. उशिरा वाजणारा बीपर घेऊन पन्नास पिनांचा कनेक्टर तपासायचा म्हणजे जीव जातो.

शिरगाव_बेंच
काका, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. पिवळ्यावर खरंच ‘अनफ्यूज्ड’ लिहिलंय, आत्ताच बघितलं. दोन शंका राहिल्यात. १७बी+ ट्रू आरएमएस नाही, तर व्हीएफडीचं आउटपुट कसं मोजू? आणि मामा म्हणतात, पावसाळ्यात भिजलेल्या मोटरी येतात, त्या मल्टिमीटरवर ओहमला लावून पास करतात. ते बरोबर का?

उद्यमनगर_दुरुस्ती
व्हीएफडीचं आउटपुट साध्या ट्रू आरएमएस मीटरवरही नीट येत नाही. ते पीडब्ल्यूएम आहे, म्हणजे झटपट चालू-बंद होणारे पल्स, त्यात काही किलोहर्ट्झचं स्विचिंग मिसळलेलं असतं आणि मीटर तेही मोजायला जातो. त्यासाठी फ्लुक ८७व्ही सारख्या मीटरमध्ये लो-पास फिल्टर दिलेला असतो. तो स्विचिंग गाळून मोटरला खरोखर कामी येणारं व्होल्टेज दाखवतो. त्याची किंमत तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढं आहे. तोवर यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू असे तीन आकडे घ्या. आकडा खरा नसला तरी तिन्ही सारखे हवेत. जोडीला टाँग टेस्टरनं (वायरभोवती पकडायचा करंट मीटर) तिन्ही फेजचा करंट बघा.

ट्रू आरएमएसचा फरक कुठं पडतो ते सांगतो. साधा मीटर एसीची सरासरी घेऊन १.११ नं गुणतो. हा गुणक शुद्ध साइन वेव्हलाच लागू पडतो. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर खरे २३० असतील तर तो २५५ दाखवेल, आणि तुम्ही चांगल्या इन्व्हर्टरचं व्होल्टेज कमी करत बसाल. एसएमपीएस जो करंट लाइनमधून टोकाटोकांनी ओढतो, तिथं उलट कमी दाखवतो. थायरिस्टरवर चालणारे हीटर, वेल्डिंग, फर्नेस यांचा एसी मोजायचा असेल तर ट्रू आरएमएस घ्याच. तुमचं सध्याचं बहुतेक मोजमाप डीसी आणि डायोड मोडवर आहे, म्हणून पहिल्या मीटरला मी त्याचा आग्रह धरला नाही. यूटी६१ई ट्रू आरएमएसच आहे, तो आला की हे कामही होईल.

मोटरींचं मात्र मामांना माझ्यातर्फे सांगा, की मल्टिमीटरवर मोटर पास करू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीपर्यंत आलं, त्यानंतर भिजलेल्या मोटरींचा आणि पंपांचा ढीग लागला होता. ओहम रेंजला मीटर जेमतेम काही व्होल्ट सोडतो. एवढ्यावर ओलं इन्सुलेशनही उघडं सर्किट दाखवू शकतं. तीच मोटर ४१५ वर गेली की बॉडीला करंट येतो किंवा वाइंडिंग जळतं. त्याला ५०० व्होल्टचा मेगरच (इन्सुलेशन तपासायचा मीटर) पाहिजे, वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये, आणि निदान १ मेगओहम तरी आला पाहिजे. कमी आला तर मोटर वाळवा, गरम करा, पुन्हा मेगर लावा. मेगर लावताना मोटर ड्राइव्हपासून सोडवायची. तशीच ठेवून ५०० व्होल्ट सोडले तर ड्राइव्हचं आउटपुट जाईल. मल्टिमीटरचा तिथला उपयोग तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स सारखा आहे का ते बघण्यापुरता.

मीटर घ्याल तेव्हा त्याच रेटिंगचे दोन एचआरसी फ्यूज सोबत मागवा. आपल्याकडं दुकानात ते पटकन मिळत नाहीत, आणि मग कुणीतरी तिथं तांब्याची तार लावतं. वायरी सिलिकॉनच्या घ्या, टोकाला प्लॅस्टिकची टोपी असलेल्या, म्हणजे पॅनेलमध्ये उघडा धातू चारेक मिलिमीटरच राहतो. सेल कमी झाल्याची खूण दिसली की त्याच दिवशी सेल बदला, काही मीटर तेव्हा वाढीव आकडा दाखवू लागतात.

शिरगाव_बेंच
मामांना दाखवलं. मेगर या महिन्यातच घेऊ म्हणालेत. १७बी+ साठी उद्या फोन करतो, फ्यूजही त्याच बिलात टाकायला सांगतो.