मदत हवी आहे: आईच्या हृदयाभोवतीची चरबी
नमस्कार मंडळी. आठ महिन्यांपूर्वी आईची (वय ५४, शुगर आहे) वजन कमी करायची स्लीव्ह सर्जरी झाली. ११८ किलोवरून ९१ वर आली, आता जिना न थांबता चढते. पण परवाच्या टूडी इकोत हृदयावरच्या चरबीचा थर ८ मिमी निघाला, ऑपरेशनआधी ९ होता. इतकं वजन उतरून फक्त एवढाच फरक? पोटातल्या चरबीच्या मानाने ही कमी उतरते, असं डॉक्टर म्हणाले. पण हा थर थेट हृदयाच्या स्नायूला, कोरोनरी धमन्यांना लागून असतो, म्हणून जीव टांगणीला लागलाय. रिपोर्ट हातात धरून आई रोज विचारते, "हे कधी जाणार गं?" कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? वर्षभराने किती फरक दिसला? इकोऐवजी सीटी किंवा एमआरआय केलंत का? कृपया सांगा.