पुढचा टायर फुटला तं ब्रेक माराचा का नाई?

वणीवाला: वणीहून ट्रकात कापसाच्या गाठी भरून निघालो, दुपारचे दोन, ऊन असं का पत्रा भाजे. वरोऱ्याच्या अलीकडं पुढचा डावा फाटकन फुटला, घाबरून ब्रेकवर उभा रायलो अन् गाडी सीधी नालीत. वाचलो बावा. काय कराले पायजे होतं?

दहाचक्का: ब्रेकच तं नाई माराचा भाऊ. फुटला तिकडंच गाडी ओढते, ब्रेकनं अजून ओढते. स्टेरिंग दोन्ही हातानं गच्च धराचं, एक्सलेटर एकदम नाई सोडाचा, गाडी सीधी धरली का मंग हळूहळू पाय उचलाचा, आपोआप थांबू द्याची.

जुना क्लीनर: पुढं रिमोल्ड, म्हंजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर, होता का?

वणीवाला: हो, मालक म्हणे चालते.

जुना क्लीनर: पुढं कायले लावता रे! अन् हवा सकायी थंड टायरची मोजा, कमी हवेनं टायर वाकून वाकून तापते, त्याच्यानंच फुटते. तापलेल्या टायरची हवा मात्र सोडू नका. टायरच्या साइडले चार आकडे पाहा, टायर कवा बनला ते समजते, 2319 म्हंजे 2019 चा 23 वा आठवडा.

वणीवाला: पायलं आत्ता. 1114.