मदत हवी आहे: कॉलेजची गेमिंग टूर्नामेंट, अर्जंट!!

चौथा_बाक (मंगळवार, रात्री ११:४०)
आमच्या ईस्पोर्ट्स क्लबची टूर्नामेंट येत्या रविवारी आहे. २३ टीम आल्यात. फॉरमॅट ठरत नाहीये, एक जण म्हणतो नॉकआउट, एक म्हणतो लीग. वायफायचंही बघायचंय. सर म्हणालेत, सगळं लेखी द्या, उद्या दुपारपर्यंत. कोणी घेतली असेल तर पटकन सांगा. गूगल कर म्हणू नका, केलंय.

निवांत_नाना
अरे बाबा, गेम कुठला?

चौथा_बाक
बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा लढाईचा गेम. दुसरा कुठला असणार?

गल्लीतला_स्नायपर
फ्री फायर मॅक्स असतो की. साध्या फोनवर चालतो, निम्म्या पोरांकडे तेच फोन असतात. आता बदलता येत असेल तर बदल.

पोचिंकीचा_पाटील
चार दिवसांवर आलीय आणि म्हणे गेम बदल!
चौथा_बाक, बॅटल रोयालला, म्हणजे शेवटी टिकेल तो जिंकला अशा गेमला, नॉकआउट नसतो रे. १६ टीम एकदम उतरतात, समोरासमोर लावणार कोणाला? ज्याने सुचवलं त्याला पॉइंटच्या शीटजवळ फिरकू देऊ नकोस.
आम्ही दोन वर्षं असं केलं. २४ टीम, ८-८ चे तीन गट. अ-ब, ब-क, अ-क असे तीन सामने म्हणजे एक फेरी. दर सामन्यात १६ टीम, प्रत्येकीला फेरीत दोन सामने, तिसऱ्याला ती वडापाव खायला मोकळी. अशा दोन फेऱ्या, मग वरच्या १६ ची फायनल. तुझ्याकडे एका गटात ७ येतील, चालतं. पॉइंट १०-६-५-४-३-२-१-१, नवव्या नंबरपासून शून्य, शिवाय दर फिनिशला (बाद केलेल्या खेळाडूला) १. बरोबरी झाली तर चिकन डिनर (सामन्यात पहिला नंबर) कोणाचे जास्त ते बघायचं. हे आधीच ग्रुपवर टाक. आम्ही पहिल्या वर्षी टाकलं नव्हतं, तर बक्षीस द्यायच्या वेळी दोन कॅप्टन एकच ट्रॉफी धरून उभे.

गल्लीतला_स्नायपर
एवढा गणिताचा पेपर कशाला? कस्टम रूममध्ये, म्हणजे आपणच लावलेल्या खाजगी सामन्यात, १०० जण मावतात. २३ चोक ९२. सगळे एकाच रूममध्ये, पाच सामने, विषय संपला.

पोचिंकीचा_पाटील
९२ जण एरांगेलच्या नकाशावर सोड. त्यातले अर्धे पोचिंकी गावात उतरणार, तीन मिनिटांत घरी. मग दिवसभर "आमचं नशीबच फुटकं" ऐकत बसायचं. तू घेतलीयस का कधी टूर्नामेंट?

गल्लीतला_स्नायपर
खेळलोय तुझ्यापेक्षा जास्त.

तारेवरची_कसरत
ऑनलाइन आहे का कॉलेजमध्ये? हॉल केवढा? वायफायचे ॲक्सेस पॉइंट किती?

चौथा_बाक
कॉलेजमध्येच. सेमिनार हॉल. वायफाय आहे की, पंख्याशेजारी डबा लावलाय. स्पीड चांगला आहे, ९० एमबीपीएस येतो.

तारेवरची_कसरत
एक डबा! तो ९० तुला मिळाला कारण हॉलमध्ये तू एकटा होतास. गेमला स्पीड फारसा लागतच नाही, पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायचा वेळ) कमी लागतो. एका ॲक्सेस पॉइंटवर ६४ फोन बसले की प्रत्येकाला बोलायला पाळी घ्यावी लागते, आणि खेळायची जागा आकसून शेवटचा झोन उरला की पिंग उड्या मारायला लागतो. तू गोळी झाडतोस आणि समोरचा अजून पळतोच आहे. शिवाय कॉलेजच्या फायरवॉलवर गेम अडवलेले असतात, उद्याच उघडून बघ.
माझं ऐक. हॉल सोड. चार वर्ग घे, वर्गात चार टीम, ज्याने त्याने आपला मोबाइल डेटा वापरायचा. कुठल्या वर्गात कुठल्या सिमला रेंज आहे ते शनिवारी फिरून लिहून ठेव. एक्स्टेन्शन बोर्ड मोजून घे. पण चार्जिंगला लावून खेळला की फोन तापतो, तापला की फ्रेम पडतात, चित्र अडखळतं. म्हणून दोन सामन्यांत १५ मिनिटं ठेव.

निवांत_नाना
वर्ग वेगळे कराच. आमच्याकडे हौसेने प्रोजेक्टरवर थेट स्पेक्टेटरचं चित्र, म्हणजे सगळे खेळाडू दिसतात ते, लावलं होतं. खेळणारे त्याच हॉलमध्ये. मागून कोणीतरी ओरडला, "अरे भिंतीमागे झोपलाय तो!" झोपलेला तिथेच गेला. पडद्यावर दाखवायचंच तर दहा मिनिटं उशिराने दाखवा.

दडपेपोहे
सगळे चांगलं सांगताय, पण कॅरम किंवा बुद्धिबळ का नाही घेत? माझा मुलगा बारावीला आहे, मान खाली घालून बसलेला असतो. जेवायला चारदा हाक मारावी लागते.

गल्लीतला_स्नायपर
काकू, हांगझोउच्या एशियन गेम्समध्ये ईस्पोर्ट्सला पदकं होती, २०२३ मध्ये.

दडपेपोहे
आमच्याकडे कुठे पदक आलं? चष्मा आला.

निवांत_नाना
दडपेपोहेताई, नंबर किती आहे? माझ्या पुतण्याचं अगदी हेच…

पोचिंकीचा_पाटील
चष्म्याचा वेगळा धागा काढा हो.
बारावीवरून आठवलं. ज्युनियरच्या टीम आहेत का? २०२३ मध्ये बंदीनंतर गेम परत सुरू झाला तेव्हा १८ खालच्यांना दिवसाला ३ तास आणि बाकीच्यांना ६ तास अशी मर्यादा होती. त्या पोरांचं अकाउंट आधी तपासून घे, नाहीतर फायनलला टीम तिघांची.

वकिलीणबाई
प्रवेश फी घेताय का?

चौथा_बाक
टीममागे २००. माझ्याच यूपीआयवर घेतलेत, ४६०० जमले. बक्षीस त्यातूनच. पण माझा प्रश्न फॉरमॅटचा होता.

वकिलीणबाई
तुमचा खरा प्रश्न हाच आहे. ऑनलाइन गेमिंगच्या केंद्राच्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे भरून पैसे जिंकायच्या आशेने खेळायचे ऑनलाइन गेम त्यात बंद केलेत. ते चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड.

गल्लीतला_स्नायपर
घाबरवू नका हो त्याला. त्याच कायद्यात ईस्पोर्ट्स वगळलाय, नोंदणी फीसुद्धा चालते.

वकिलीणबाई
चालते, पण मान्यता आणि नोंदणी असलेल्या ईस्पोर्ट्सला. याच्या क्लबची नोंदणी कुठे आहे? आणि फी खर्चापुरती घेणं वेगळं, तीच गोळा करून जिंकणाऱ्याला वाटणं वेगळं. चौथा_बाक, पैसे परत करा, ट्रॉफी ठेवा, खर्च कॉलेजकडून घ्या. सरांच्या पत्रात "प्रवेश विनामूल्य" ही ओळ पहिली लिहा.

चौथा_बाक (बुधवार, सकाळी १०:१५)
सकाळपासून परत पाठवतोय. २० टीमचे गेले. दोघांचे कॅप्टन फोन उचलत नाहीयेत. एक टीम घ्यायलाच तयार नाही, म्हणते पैसे घेतलेत तर स्लॉट पक्का, परत घेतले की तुम्ही आम्हाला काढाल.
वायफायवर गेम उघडलाच नाही, तारेवरची_कसरत बरोबर होते. वर्ग तीनच मिळतायत, चौथ्यात रविवारी कसलीतरी परीक्षा आहे. तीन वर्गांत १६ टीम कशा बसवू? आणि ती अडून बसलेली टीम आयपॅडवर खेळते, चालतं का?

पोचिंकीचा_पाटील
नाही.

गल्लीतला_स्नायपर
का नाही? नियमात लिहिलंयस का?

पोचिंकीचा_पाटील
चौकोनी पडद्यावर वरखाली जास्त दिसतं, लहान पोरालाही कळेल.

चौथा_बाक
नियम अजून लिहिलेच नाहीयेत. लिहितो. वर्गांचं सांगा ना कोणीतरी.